परीक्षा आणि विद्यार्थिस्वास्थ्य

परीक्षा आणि विद्यार्थिस्वास्थ्य : अभ्यास, परीक्षा आणि परीक्षेच्या निकालावर अवलंबून असणारे भवितव्य यांमुळे विद्यार्थ्याच्या शरीरावर व मनावर पडणारा भार आणि त्याचे परिणाम, हा शिक्षणाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा विषय होय. अभ्यासाचे श्रम कोणत्याही शिक्षणपद्धतीत अटळ असतात व ते सर्वस्वी अपायकारक नसतात. ते अपायकारक केव्हा ठरतात, हे अभ्यासाच्या परिमाणापेक्षा परीक्षेपलीकडची वाट किती अरुंद आहे आणि अपयशाची किंमत किती मोठी आहे, यांवर अधिक अवलंबून असते. महाराष्ट्रात या प्रश्नाचा इतिहास मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेपासून (१८५७) सलगपणे पाहता येतो. या काळात परीक्षांची नावे, त्या घेणाऱ्या संस्था आणि उत्तीर्णांचे प्रमाण यांत मोठे बदल झाले. तथापि भार नाहीसा न होता एका परीक्षेवरून दुसऱ्या परीक्षेकडे सरकत राहिला, असे दिसून येते.

पूर्वपीठिका : इंग्रजी अंमलापूर्वीच्या महाराष्ट्रात परीक्षा अपरिचित नव्हती. श्रावणमासातील दक्षिणेच्या निमित्ताने पेशव्यांच्या काळात पुण्यात शास्त्री-पंडितांची परीक्षा होई व त्यांच्या विद्वत्तेनुसार दक्षिणा ठरे. परंतु ही परीक्षा तोंडी असे, ती प्रौढ विद्वानांची असे आणि तिचा संबंध सामान्य मुलांच्या शिक्षणाशी नव्हता. पंतोजींच्या शाळेत मुलगा धुळपाटीवर अक्षरे गिरवी, पाढे, पावकी-निमकी मुखोद्गत करी व मोडी लिहिण्या-वाचण्यात तयार झाला की शाळा सोडी. तेथे छडीचा धाक होता, घोकंपट्टीही होती. परंतु वर्षअखेरीची सामाईक परीक्षा नव्हती आणि ‘नापास’ ही अवस्थाही नव्हती. प्रत्येक मूल आपल्या गतीने पुढे जाई. या शाळा बहुतांशी विशिष्ट जातींतील मुलांपुरत्याच मर्यादित होत्या, हे त्यांचे मोठे वैगुण्य होते.

इंग्रजी अंमलात शिक्षण आणि सरकारी नोकरी यांची सांगड घातली गेली. नोकरीसाठी इंग्रजी शिकलेल्यांना अग्रक्रम देण्याचे धोरण लॉर्ड हार्डिंग यांच्या १८४४ च्या ठरावाने जाहीर झाले. १८५४ च्या वुडच्या खलित्यात भारतात विद्यापीठे स्थापण्याची शिफारस होती व त्यांसाठी लंडन विद्यापीठाचा नमुना समोर ठेवलेला होता. हे विद्यापीठ त्या वेळी मुख्यतः परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था होते. त्यामुळे मुंबई विद्यापीठही आरंभीची अनेक दशके शिकविणारे नव्हे, तर परीक्षा घेणारे विद्यापीठ राहिले. अध्यापन महाविद्यालयांनी करावे व पारख विद्यापीठाने करावी, या विभागणीतून परीक्षेला शिक्षणाहून वेगळे व वरचढ स्थान मिळाले.

मॅट्रिक्युलेशन परीक्षा : मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली. तीस १३२ उमेदवार बसले आणि त्यांपैकी २२ उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१), रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५), बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे ते चौघे होत.

महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांची पात्रता ठरविणे, एवढाच या परीक्षेचा मूळ हेतू होता. थोड्याच काळात ती कचेऱ्यांतील नोकरीचा परवाना बनली आणि ज्यांना महाविद्यालयात जावयाचे नव्हते, असे विद्यार्थीही तीस बसू लागले. परिणामी माध्यमिक शाळांचा सारा अभ्यासक्रम मॅट्रिकच्या दृष्टीने आखला जाऊ लागला. शाळेचा लौकिक तिच्या मॅट्रिकच्या निकालावरून ठरे. १८८० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलला अल्पावधीत जी प्रतिष्ठा लाभली, तीमागे शाळेच्या शिक्षकांच्या ध्येयवादाइतकेच तिचे मॅट्रिकचे निकाल आणि तिच्या विद्यार्थ्यांनी मिळविलेल्या जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्त्या हेही कारण होते. मुंबई इलाख्यात खाजगी शाळांचे अनुदान निकालानुसार देण्याची पद्धतही काही काळ प्रचलित होती. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने रूढ झालेल्या पद्धतीचे हे अनुकरण होते. तीमुळे विद्यार्थ्याच्या यशापयशाशी शाळेचे उत्पन्नही जोडले गेले.

उमेदवारावरील भारात परक्या भाषेची भर पडे. गणित, इतिहास, भूगोल हे विषय इंग्रजीतून शिकावयाचे आणि त्यांची उत्तरे इंग्रजीतूनच लिहावयाची असत. आशय समजण्यापूर्वी वाक्ये पाठ करणे, हाच अनेकांना सुरक्षित मार्ग वाटे. घोकंपट्टीची निंदा त्या काळच्या लिखाणात वारंवार आढळते. पण ती विद्यार्थ्याच्या आळसातून नव्हे, तर परीक्षेच्या रचनेतून उद्भवली होती.

परीक्षा केंद्रे मोजकी असल्याने ग्रामीण मुलांना प्रवासाचेही कष्ट पडत. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) हे १८७५ मध्ये इयत्ता सहावीच्या सार्वजनिक परीक्षेसाठी कोकणातील मुरूड येथून कुंभार्ली घाटाच्या मार्गाने सुमारे ११० मैल चालत साताऱ्यास गेले. परंतु ते वयाने लहान दिसतात, या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुढे ही परीक्षा ते कोल्हापूर येथे उत्तीर्ण झाले. परीक्षेच्या दारापर्यंत पोहोचणे हीच अनेकांच्या बाबतीत पहिली परीक्षा होती.

पदवीधरांच्या अकाली मृत्यूचा प्रश्न : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भाराची चर्चा आरोग्याच्या अंगाने होऊ लागली. इंग्लंडमध्ये शालेय मुलांवरील अतिभाराविषयी जेम्स क्राइटन-ब्राउन या वैद्यकतज्ज्ञांचा अहवाल १८८४ मध्ये प्रसिद्ध होऊन मोठा वाद झाला होता. महाराष्ट्रात या प्रश्नाला अधिक शोकजनक पार्श्वभूमी होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये चौतिसाव्या वर्षी आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी निधन पावले. पुढे १८९५ मध्ये गोपाळ गणेश आगरकर एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. या मृत्यूंची कारणे भिन्न होती व त्यांचा संबंध थेट परीक्षांशी जोडता येत नाही. तथापि विद्यापीठाच्या पहिल्या पिढीतील कर्तबगार माणसे पाठोपाठ नाहीशी होत असल्याची जाणीव सुशिक्षित समाजाला अस्वस्थ करीत होती.

भांडारकर हे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू असताना (१८९३–९५) हा प्रश्न ऐरणीवर आला. १८९४ मध्ये रानडे यांनी हिंदू पदवीधरांतील अकाली मृत्यूच्या कारणांचा विचार एका व्याख्यानात आकडेवारीच्या आधारे मांडला. स्वतः रानडे यांची दृष्टी विद्यार्थिदशेतील अतिवाचनाने अधू झाली होती; तेव्हा हा विषय त्यांना केवळ ऐकून माहीत नव्हता. त्यांच्या विवेचनाचे वैशिष्ट्य तुलनेत आहे. पारशी पदवीधरही त्याच परीक्षा देत होते. परंतु त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण हिंदू पदवीधरांपेक्षा कमी होते. म्हणजे केवळ अभ्यासाला दोष देऊन भागत नव्हते. गरिबी, निकृष्ट आहार, व्यायामाचा अभाव आणि लहान वयातच अंगावर पडणारा प्रपंच यांच्या जोडीला परीक्षांचा भार आला की तो असह्य होतो, असा या तुलनेचा इत्यर्थ होता. एका विषयात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास सर्व विषयांची परीक्षा पुन्हा द्यावी लागे. ही पद्धत बदलून विषयांचे खंड पाडावेत व उत्तीर्ण झालेल्या विषयांतून विद्यार्थ्याला मोकळे करावे, असा रानडे यांचा आग्रह होता. पुढे विसाव्या शतकात सवलत देऊन वरच्या वर्गात प्रवेश देण्याची किंवा राहिलेल्या विषयांपुरती परीक्षा घेण्याची जी पद्धत रूढ झाली, तिचे बीज या विचारात आढळते. विद्यार्थ्याच्या स्वास्थ्याचा प्रश्न त्याच्या दुबळेपणाचा नसून व्यवस्थेचा आहे, हे येथे प्रथमच स्पष्टपणे मांडले गेले.

परीक्षेची दुसरी बाजू : परीक्षापद्धतीच्या दोषांचे वर्णन करताना तिने उघडलेले दार दृष्टिआड करता येत नाही. महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेस बसता येते याबद्दल समाधान व्यक्त केले होते आणि ही मुभा वरच्या परीक्षांनाही मिळावी, अशी अपेक्षा प्रकट केली होती. ज्यांना वर्गाबाहेर बसविले जाई किंवा ज्यांना शाळाच उपलब्ध नव्हती, त्यांच्या दृष्टीने लेखी परीक्षा हा जात व घराणे न पाहणारा एक निकष होता. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) १९०७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. एका विद्यार्थ्याच्या मॅट्रिकचा असा गौरव व्हावा, यातच त्या यशाचे सामाजिक मोल दिसते.

याच कारणाने पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यावर पडणारा भार अधिक असतो. त्याच्या निकालाकडे केवळ आईवडिलांचे नव्हे, तर गावाचे व समाजाचे डोळे लागलेले असतात. घरी अभ्यासात साहाय्य करणारे कोणी नसते, शिकण्यासाठी कर्ज काढलेले असते आणि अपयश आल्यास परतण्यासाठी दुसरी वाट नसते. परीक्षा रद्द करणे हा म्हणून सरळ उपाय ठरत नाही; तसे केल्यास निवड ओळखीवर व पैशावर होण्याचा धोका असतो. परीक्षेतील निःपक्षपातीपणा टिकवून तिचा जाच कमी करणे, हा खरा प्रश्न आहे.

आयोग व समित्या : हंटर आयोगाने (१८८२) माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्यात, एक विद्यापीठाकडे नेणारी व दुसरी व्यवहारोपयोगी शिक्षण देणारी, असे सुचविले. परंतु प्रतिष्ठा व नोकरी पहिल्या शाखेशी निगडित असल्याने दुसऱ्या शाखेकडे फारच थोडे विद्यार्थी वळले. लॉर्ड कर्झन यांच्या काळात टॉमस रॅली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या विद्यापीठ आयोगाने (१९०२), अध्यापनाने परीक्षेची चाकरी करावी, ही भारतातील विद्यापीठीय शिक्षणाची सर्वांत मोठी विकृती असल्याचा निर्वाळा दिला. सॅडलर आयोगाने (१९१७–१९) माध्यमिक परीक्षा विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र मंडळांकडे सोपवाव्यात, अशी शिफारस केली. हारटॉग समितीने (१९२९) मॅट्रिक परीक्षेचे वर्चस्व आणि तीत अनुत्तीर्ण होणाऱ्यांची मोठी संख्या यांकडे शिक्षणातील अपव्यय म्हणून लक्ष वेधले.

या काळात पर्यायांचेही प्रयत्न झाले. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम ठेवले आणि आरोग्यशास्त्रासारख्या विषयांना अभ्यासक्रमात स्थान दिले. परकीय भाषेचे ओझे उतरविल्यास त्याच श्रमांत अधिक ज्ञान मिळते, ही त्यामागील भूमिका होती. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या मूलोद्योग शिक्षणाच्या योजनेत लेखी परीक्षेऐवजी प्रत्यक्ष कामाला महत्त्व होते. ही योजना मुंबई प्रांतात काही काळ राबविली गेली. परंतु पालकांनी तिला मॅट्रिकच्या बरोबरीचे मानले नाही व ती दुय्यम ठरली.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाल्यास ती परीक्षांची असेल, असे मत नोंदविले. मुदलियार आयोगाने (१९५२–५३) बाह्य परीक्षांची संख्या कमी करणे, वर्षभराच्या कामाची नोंद ठेवणे आणि गुणांऐवजी श्रेणी देणे हे उपाय सुचविले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) त्यांचा पुनरुच्चार केला. या आयोगाचे सदस्य-सचिव महाराष्ट्रातील शिक्षणतज्ज्ञ जयंत पांडुरंग नाईक हे होते. निदानाविषयी जवळजवळ सर्व आयोगांचे एकमत आढळते. उपाय मात्र अपुरे पडले, कारण नोकऱ्या व उच्च शिक्षणातील जागा यांची टंचाई शिक्षणखात्याच्या कक्षेबाहेरची होती.

शालान्त परीक्षा व गुणवत्ता यादी : मुंबई प्रांतात १९४८ च्या अधिनियमान्वये स्वतंत्र परीक्षा मंडळ स्थापन होऊन मॅट्रिकची जागा माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षेने घेतली. १९६५ च्या अधिनियमाने महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण मंडळाची रचना झाली. १०+२+३ या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये आणि बारावीची पहिली परीक्षा १९७७ मध्ये घेण्यात आली. या बदलाने एका मोठ्या परीक्षेच्या जागी दोन वर्षांच्या अंतराने दोन परीक्षा आल्या : दहावीवर अकरावीचा प्रवेश व शाखा अवलंबून राहिली, तर बारावीच्या गुणांवर वैद्यक व अभियांत्रिकी या अभ्यासक्रमांतील जागा.

मंडळाच्या गुणवत्ता यादीला या काळात विलक्षण महत्त्व आले. ‘बोर्डात येणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला. यादीतील विद्यार्थ्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकत व शाळा त्यांची नावे फलकावर रंगवीत. या यादीत गुणांच्या अगदी अल्प फरकाने क्रम बदले. ज्याला ‘नापास’ होण्याची मुळीच भीती नव्हती, अशा हुशार विद्यार्थ्यावरही तिने नवा भार टाकला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मंडळाने ही यादी प्रसिद्ध करणे बंद केले; परंतु शाळा व शिकवणीवर्ग यांनी आपापल्या यशस्वी विद्यार्थ्यांच्या जाहिराती करणे चालूच राहिले.

दहावीच्या निकालाचे आकडे या संदर्भात बोलके आहेत. १८५९ मध्ये दर सहा उमेदवारांपैकी एक उत्तीर्ण झाला होता. २०२५ च्या मार्चमधील शालान्त परीक्षेचा निकाल ९४.१० टक्के लागला. अनुत्तीर्ण होण्याची भीती अशा रीतीने बहुतांशी ओसरली. तिची जागा अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळण्याच्या भीतीने घेतली. गुण हे केवळ विद्यार्थ्याच्या योग्यतेचे नव्हे, तर मापनपद्धतीचेही फलित असतात, हे २०१९ मध्ये प्रकर्षाने दिसले. भाषा व सामाजिक शास्त्रे यांतील शाळांतर्गत गुण त्या वर्षी बंद केल्याने निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. एका वर्षात मुलांची बुद्धी एवढी घटली नव्हती. टीका झाल्यावर पुढील वर्षापासून अंतर्गत गुण पुन्हा देण्यात येऊ लागले.

करोना महामारीमुळे २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावरून लावलेला निकाल ९९.९५ टक्के लागला. त्याबरोबर अकरावीच्या प्रवेशासाठी वेगळी सामाईक परीक्षा घेण्याचे राज्य शासनाने ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हा निर्णय रद्द केला. एक परीक्षा काढून घेतली की निवडीसाठी दुसरी उभी राहते, याचे हे अगदी अलीकडचे उदाहरण होय.

प्रवेश परीक्षा व शिकवणीवर्ग : परीक्षेच्या तयारीचा स्वतंत्र व्यवसाय महाराष्ट्रात जुना आहे. मॅट्रिकच्या काळातील खाजगी शिकवण्या, मार्गदर्शके आणि अपेक्षित प्रश्नसंच यांचेच विस्तारित रूप म्हणजे आजचे शिकवणीवर्ग. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत लातूर येथील शाळा-महाविद्यालयांनी जादा तास, सुट्टीतील वर्ग आणि सराव परीक्षांची अखंड मालिका यांच्या बळावर मंडळाच्या गुणवत्ता यादीत लक्षणीय यश मिळविले. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ते राज्यभर गाजले. मुंबई-पुण्याबाहेरची, मराठवाड्यासारख्या अविकसित विभागातील मुले अग्रस्थानी येऊ शकतात, हे या पद्धतीने सिद्ध केले, हा तिचा मोठा लाभ होय. मात्र खेळ, अवांतर वाचन व विश्रांती यांना तीत फारसा वाव राहिला नाही, हीही तिच्यावरील टीका आहे.

पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी बारावीच्या गुणांऐवजी सामाईक प्रवेश परीक्षा आल्या आणि २०१६ पासून वैद्यकीय प्रवेशासाठी राष्ट्रीय पातळीवरील पात्रता परीक्षा बंधनकारक झाली. २०२४ मध्ये ही परीक्षा २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली, एम्‌.बी.बी.एस्‌.च्या जागा त्या मानाने देशभरात एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. बारावीच्या परीक्षेचे महत्त्व यामुळे घटले. परंतु विद्यार्थ्याला महाविद्यालय व शिकवणीवर्ग अशी दुहेरी तयारी करावी लागू लागली. पहिल्या प्रयत्नात जागा न मिळाल्यास एक-दोन वर्षे पुन्हा त्याच परीक्षेत घालविणारे विद्यार्थीही अनेक आहेत. शिकवणीसाठी घरापासून दूर, लातूर, नांदेड वा राजस्थानातील कोटा येथे, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या किशोरवयीन मुलांच्या वाट्याला परीक्षेच्या भाराबरोबर एकाकीपणाही येतो.

ताणाचे स्वरूप व परिणाम : परीक्षेपूर्वी थोडा ताण असणे स्वाभाविक व उपयुक्तही असते. उत्तेजनाची पातळी मध्यम असताना कार्यक्षमता वाढते व ती अतिरिक्त झाल्यास घटते, हे येर्क्स व डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले. पुढे ते तत्त्व मानवी कार्यालाही लावले गेले. परीक्षाचिंतेचा पद्धतशीर अभ्यास १९५० नंतरच्या काळात अमेरिकेत सीमोर सॅरासन प्रभृतींनी सुरू केला. या चिंतेची दोन अंगे मानली जातात : ‘आपले कसे होणार’ हा मनात घोळणारा विचार आणि छातीत धडधडणे, घाम येणे, हात कापणे यांसारखी शारीरिक प्रतिक्रिया. यांपैकी पहिले अंग कामगिरीस अधिक मारक असते. कारण उत्तर आठवण्यासाठी लागणारे अवधानच ते व्यापून टाकते. अभ्यास केलेला असूनही ऐन वेळी काही आठवत नाही, या नेहमीच्या अनुभवाचे हे स्पष्टीकरण होय.

दीर्घकाळ टिकणाऱ्या ताणाने निद्रानाश, डोकेदुखी, पोटदुखी, भूक मंदावणे, चिडचिड आणि एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे दिसतात. किशोरवयात दररोज आठ ते दहा तास झोप आवश्यक असते. स्मरण पक्के होण्याची क्रिया झोपेत घडत असल्याने जागरण करून केलेला अभ्यास पुष्कळदा व्यर्थ जातो. काही विद्यार्थ्यांत विषण्णता बळावते व स्वतःविषयी निरर्थकतेची भावना निर्माण होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होत्या व राज्यवार तुलनेत ही संख्या सर्वाधिक होती. या सर्व घटना परीक्षेमुळे घडल्या, असे मानणे चुकीचे ठरेल. कौटुंबिक कलह, आजार, आर्थिक विवंचना अशी कारणे त्यांत गुंतलेली असतात. रानडे यांनी १८९४ मध्ये केलेला कारणमीमांसेचा इशारा येथेही लागू पडतो : भार एकटा नसतो, तो इतर अडचणींवर येऊन पडतो. वेळीच मिळालेला आधार व वैद्यकीय उपचार यांनी अशा अवस्थेतून बाहेर पडता येते, हेही तितकेच खरे आहे.

उपाययोजना : शालेय मुलांच्या ओझ्याचा प्रश्न कादंबरीकार आर. के. नारायण यांनी राज्यसभेतील आपल्या १९८९ मधील पहिल्या भाषणात उपस्थित केला. त्यानंतर १९९२ मध्ये नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात असा निष्कर्ष काढला, की पाठीवरील दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या आशयाचे ओझे अधिक घातक असते. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असा आदेश महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये काढला. त्याच वर्षापासून दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी जुलैमध्येच फेरपरीक्षा घेतली जाऊ लागली व वर्ष वाया जाण्याची आपत्ती टळली. रानडे यांच्या सूचनेप्रमाणेच हा उपाय परीक्षा सोपी करणारा नव्हता, तर अपयशाची किंमत कमी करणारा होता; म्हणून तो विशेष उल्लेखनीय आहे.

२००९ च्या बालशिक्षण हक्क अधिनियमाने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर बंदी घातली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी व आठवीसाठी परीक्षा घेण्याची मुभा मिळाली व महाराष्ट्राने २०२३ मध्ये तशी तरतूद केली. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी समुपदेशन सेवा (क्रमांक १४४१६) सुरू केली. जानेवारी २०२४ मधील केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना शिकवणीवर्गांनी प्रवेश देऊ नये, असे ठरले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था, वसतिगृहे व शिकवणीवर्ग यांच्यासाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. प्रशिक्षित समुपदेशकांची नेमणूक, गुणांनुसार तुकड्या पाडण्यास प्रतिबंध आणि अपयशाबद्दल जाहीर अपमान न करणे यांचा त्यांत समावेश आहे.

समालोचन : गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या इतिहासातून दोन प्रकारचे उपाय वेगळे दिसतात. परीक्षेचे नाव, तिची वेळ वा गुणदानाची रीत बदलणारे उपाय अल्पजीवी ठरले; कारण टंचाई कायम असल्याने निवडीचा भार दुसऱ्या परीक्षेवर गेला. याउलट विषयांचे खंड, लवकर होणारी फेरपरीक्षा, मातृभाषेचे माध्यम आणि खाजगी उमेदवारांना मुभा, यांसारख्या उपायांनी विद्यार्थ्यापुढील वाटा वाढविल्या वा अपयश परतविता येण्याजोगे केले, आणि ते अधिक टिकाऊ ठरले. समुपदेशन आवश्यक आहे. परंतु विद्यार्थ्याला भार सहन करण्यास शिकविणे एवढ्यावर थांबल्यास भाराचे मूळ तसेच राहते. तंत्रशिक्षण, शेती व कारागिरी यांच्या शिक्षणाला प्रतिष्ठा व योग्य वेतन मिळणे, उच्च शिक्षणातील जागा वाढणे आणि एका विशिष्ट वयातील एका निकालावर संपूर्ण आयुष्य न टांगले जाणे, या गोष्टी शिक्षणव्यवस्थेइतक्याच अर्थव्यवस्थेशी निगडित आहेत. परीक्षा ही विद्यार्थ्याच्या एका वेळच्या तयारीचे माप होय. ती त्याच्या योग्यतेचा अंतिम निवाडा मानली जाऊ नये, ही अपेक्षा या विषयावरील बहुतेक सर्व विचारवंतांनी व्यक्त केली आहे.